उभ्या गाडीचाही खर्च चालूच असतो

वाचक भगिनीचे पत्र: मी सांगलीला राहते. गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले, वय ५९. गाडी चालवण्याचा सराव तीस वर्षांचा आहे आणि रेवसपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा मी एकटीने दोनदा केला आहे. येत्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ४५ दिवस भाड्याची गाडी घेऊन एकटीने युरोप पाहावा, असे मनात आहे. भाची म्युनिकला असते, त्यामुळे सुरुवात तिथून होईल. एकूण ११ देश योजले आहेत आणि ८ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. माझी मैत्रीण व तिचे यजमान असेच फिरून आले, तेव्हा त्यांना दोघांत दिवसाला २४० युरो लागले. म्हणून मी एकटीसाठी १२० युरो धरले. विमान, व्हिसा व विमा यांचे एक लाख वेगळे धरूनही लाखभर शिल्लक राहील असे दिसते. म्युनिकच्या विमानतळावर उतरल्या दिवशीच गाडी घ्यावी, ती ऑटोमॅटिकऐवजी स्वस्त पडणारी, हाताने गिअर बदलायची असावी, आणि पैशांसाठी विदेशी चलनाचे प्रीपेड कार्ड न्यावे, असा बेत आहे. मी शाकाहारी आहे. माझे अंदाजपत्रक बरोबर आहे का? गाडी कशी घ्यावी? आणि वाटेत हिशेब कसा ठेवावा?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि आपल्या मैत्रिणीचे आकडे कागदावर उतरवून पाहिले. त्यांचा २४० युरोंचा दिवस खरा आहे, आपला भागाकारही बिनचूक आहे. मात्र ज्या रकमेला दोनाने भागता येत नाही, तिला आपण भागले आहे, आणि एकट्याने गाडीतून फिरू पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हिशेब नेमका इथेच चुकतो. त्या २४० युरोंची फोड साधारण अशी असणार: खोली ८०, गाडीचे भाडे व तिचा विमा ४५, इंधन, टोल व पार्किंग मिळून ३५, दोघांचे जेवणखाण ६०, प्रवेशतिकिटे २०. एकट्याने गेल्यावर यातले निम्मे होते ते केवळ जेवण आणि तिकिटे. गाडीत एक माणूस बसले काय आणि दोन बसली काय, पेट्रोल तेवढेच लागते, टोलनाका तेवढेच पैसे घेतो, आणि एकट्यासाठी खोली मागितली तर ८०ऐवजी फार तर ७० युरो पडतात. म्हणजे आपला एकटीचा दिवस १२० नव्हे, तर १९० युरोंचा आहे. सोयीसाठी मी एक युरो १०५ रुपयांचा धरतो. आपल्या हिशेबाने ४५ दिवसांचे ५ लाख ६७ हजार होतात. प्रत्यक्षात ते ८ लाख ९८ हजारांच्या घरात जातील. त्यात विमान, व्हिसा आणि विम्याचे लाखभर रुपये मिळवले की एकूण रक्कम दहा लाखांना टेकते. आपल्याजवळ आठ आहेत.

ही तूट रोजच्या चहा-कॉफीत काटकसर करून भरून निघणार नाही. पोटाला चिमटा काढून दिवसाला पाच-सात युरो वाचवता येतात आणि तेवढ्यासाठी प्रवासाचा आनंद मात्र हातचा जातो. तूट भरायची तर ती दिवसांच्या संख्येत, देशांच्या संख्येत आणि गाडी आपल्या ताब्यात किती दिवस राहते त्यात भरावी लागेल. किलोमीटर मोजणे ही आपल्याकडची सवय आहे, कारण आपली गाडी आपल्या दारात उभी असते आणि उभी असताना काही मागत नाही. भाड्याची गाडी उभी असतानाही भाडे घेते आणि मोठ्या शहरात उभी करायची तर वर पार्किंगही मागते. म्युनिकमध्ये भाचीकडे असताना आपल्याला गाडीची काडीचीही गरज नाही. तिथली भुयारी रेल्वे आणि ट्राम पुरेशी आहे. तेव्हा उतरल्या दिवशी विमानतळावरच गाडी घेण्याचा बेत कृपया रद्द करावा. पहिले पाच दिवस पायी आणि रेल्वेने फिरावे, झोपेचे घड्याळ जागेवर आणावे, आणि मगच गाडी हाती घ्यावी. लांबच्या विमानप्रवासाने शिणलेल्या माणसाने, रस्त्याच्या उजव्या बाजूने, अनोळखी गाडी त्याच संध्याकाळी चालवावी, हे मला पैशांखेरीज इतर कारणांसाठीही पटत नाही.

आता ११ देशांविषयी. मन मोडण्याचा हेतू नाही, पण प्रत्येक सीमा ओलांडताना खर्चाचा एक नवा नियम लागू होतो. स्वित्झर्लंडमध्ये महामार्गाचा विन्येट, म्हणजे रस्ताकराचा परवाना, ४० फ्रँकना मिळतो आणि तो वर्षाचाच घ्यावा लागतो. दोन दिवसांसाठी गेलात तरी रक्कम तीच. ऑस्ट्रियात एका दिवसाचा, दहा दिवसांचा किंवा दोन महिन्यांचा घेता येतो, पण इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीच्या महामार्गाचा टोल त्याखेरीज वेगळा भरावा लागतो. स्लोव्हेनिया, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांचे विन्येट आणखी वेगळे. फ्रान्स आणि इटलीत अंतरानुसार टोल आहे. जर्मनीत मोटारींना महामार्ग मोफत आहेत. फ्रान्स-इटली सीमेवरच्या माँ ब्लाँच्या बोगद्यातून एकदा जायला ५० युरोंहून अधिक लागतात. अकरा देशांत हे सारे भरत जायचे आणि प्रत्येक ठिकाणी दीड-दोन दिवस राहायचे, तर बहुतेक वेळ स्टिअरिंगमागेच जाईल.

त्याऐवजी म्युनिकहून निघून म्युनिकलाच परत येणारा एक फेरा मी सुचवतो. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर लागणारे शुल्क कधीकधी आठवड्याच्या भाड्याहून जास्त असते. फेरा मारला की ते वाचते. फ्रायबुर्ग दोन रात्री, तिथून ऱ्हाईन नदी ओलांडून फ्रान्समधल्या आल्सासमध्ये स्ट्रासबुर्ग व कोलमारच्या परिसरात चार, बर्गंडीत बोनच्या आसपास तीन, प्रोव्हान्समध्ये पाच, नीस-माँतोंच्या किनाऱ्यावर तीन, मग इटलीत लिगुरिया, गार्डा सरोवर आणि दक्षिण टायरोल येथे तीन-तीन, आणि ब्रेनरमार्गे इन्सब्रुकला एक. रस्त्यावरच्या २७ रात्री झाल्या. सुरुवातीच्या पाच आणि शेवटची एक रात्र भाचीकडे, एकूण ३३. चार देश, २८ दिवस गाडी, आसपासची भटकंती धरून सुमारे ४,००० किलोमीटर. स्वित्झर्लंड अगदीच पाहायचा असेल, तर फ्रायबुर्गला गाडी ठेवून रेल्वेने बाझेलला जाऊन संध्याकाळी परत यावे.

या बेताचे आकडे मांडतो. २७ रात्री प्रत्येकी ७० युरोंनी १,८९०. ऑटोमॅटिक गाडीचे २८ दिवसांचे भाडे दिवसाला ४५ प्रमाणे १,२६०, आणि अपघातात आपल्या खिशाला झळ लागू न देणाऱ्या पूर्ण विम्याचे २८०. शंभर किलोमीटरला साडेसहा लिटर आणि लिटरला १.८० युरो धरून इंधन ४६८. टोल व विन्येट २००, पार्किंग आणि शहरांतली ट्राम-बस २५०. जेवणखाण ३३ दिवस, दिवसाला २८ प्रमाणे ९२४. तिकिटे ३००. बेरीज ५,५७२ युरो, म्हणजे सुमारे ५ लाख ८५ हजार. त्यात विमान, व्हिसा व प्रवासविम्याचे एक लाख आणि अनपेक्षित खर्चासाठी ६० हजार मिळवले, तर रक्कम साडेसात लाखांच्या आत बसते. उरलेल्या पन्नासेक हजारांना हात लावू नये. युरोचा भाव आपल्या तयारीच्या महिन्यांत वर सरकला तर ते तिकडे जातील.

आपण ऑटोमॅटिकऐवजी हाताने गिअर बदलायची गाडी स्वस्त पडते म्हणून घेणार आहात असे लिहिले आहे. इथे हात आखडता घेऊ नये. आपल्याकडे गिअर डाव्या हाताला असतो, तिकडे उजव्या. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वळणाचा दिवा उजव्या दांडीवर असतो, तिकडे डाव्या. त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर दिव्याऐवजी काचेवरचा वायपर सुरू होतो आणि त्या क्षणी नजर रस्त्यावरून हटते. शेजारी बसून ‘उजवीकडे राहा’ असे सांगणारे कोणी नसताना डोके फक्त रस्त्यासाठी मोकळे ठेवणे हीच मोठी बचत आहे. त्याच कारणासाठी दिवसाला २५० किलोमीटरहून जास्त अंतर ठेवू नये, आणि अंधारापूर्वी मुक्कामाला पोहोचावे.

गाडी भाड्याने घेताना खरी अडचण काउंटरवर येते. कंपनी आपल्या क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवते. ती काही शे युरोंपासून दीड हजारापर्यंत असू शकते आणि गाडी परत केल्यावर मोकळी व्हायला कधी दोन आठवडे लागतात. हे कार्ड चालकाच्याच नावाचे लागते आणि आपण विदेशी चलनाचे जे प्रीपेड कार्ड घेणार आहात, ते या कामी बहुतेक ठिकाणी चालत नाही. माझ्या एका प्रवासात अनामतीसाठी १,२०० युरो अडवले गेले होते, आणि रविवारी संध्याकाळी बर्गंडीतल्या एका गावाबाहेर सुपरमार्केटच्या पंपावर थांबलो. पंपावर माणूस नव्हता. कार्ड आत सरकवले, पडद्यावर फ्रेंच ओळी उमटल्या, आणि नळी उचलण्याआधीच फोनवर १५० युरो वजा झाल्याचा संदेश आला. पेट्रोल भरले ५२ युरोंचे, पण उरलेली रक्कमही काही दिवस अडकूनच राहिली. त्या रात्री खोलीचे पैसे देताना कार्डाची मर्यादा संपल्याचे कळले. दुसरे कार्ड जवळ होते म्हणून निभावले. आपण दोन वेगवेगळ्या बँकांची क्रेडिट कार्डे घ्यावीत, एक फक्त गाडीच्या अनामतीसाठी राखावे, दोन्हींची परदेशी वापराची मर्यादा निघण्यापूर्वी वाढवून घ्यावी, आणि कोणत्याही यंत्राने ‘रुपयांत की युरोंत’ असे विचारले तर युरोच निवडावेत. रुपये निवडले की भाव दुकानदाराचे यंत्र ठरवते आणि तो आपल्या बँकेपेक्षा महागच पडतो.

पंपावर आणखी एक सांभाळावे. फ्रान्समध्ये ‘गाझोल’ आणि इटलीत ‘गाझोलिओ’ म्हणजे डिझेल; गॅसोलिन, म्हणजे पेट्रोल, या शब्दाशी साम्य असल्याने घोटाळा होतो आणि चुकीचे इंधन भरल्याचे नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही. २०१८पासून युरोपीय संघात नळ्यांवर चिन्हे ठरलेली आहेत: पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन. तेच चिन्ह इंधनाच्या टाकीच्या झाकणावर असते. महामार्गावरचे पंप लिटरमागे बरेच महाग असतात. शक्यतो गावाकडच्या सुपरमार्केटचे पंप गाठावेत. इटलीत ‘सेर्वितो’ लिहिलेल्या पंपावर नोकर भरून देतो आणि त्याचे जादा पैसे लागतात. ‘फाई दा ते’ म्हणजे आपण भरायचे.

गाडीचा आणखी एक पर्याय आपल्याला कोणी सांगितला नसेल. फ्रान्समध्ये युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशांसाठी साधारण तीन आठवड्यांहून अधिक काळाकरिता नवी कोरी गाडी देण्याची जुनी पद्धत आहे. रेनो कंपनीची युरोड्राईव्ह योजना त्यातलीच. विमा पूर्ण असतो आणि अपघातात आपल्या वाट्याची रक्कम शून्य असते. गाडी फ्रान्समध्येच घेऊन तिथेच परत केली तर ती स्वस्त पडते, फ्रान्सबाहेर दिली-घेतली तर जादा शुल्क लागते. मूळ ४५ दिवसांचा बेत असता, तर मी हाच पर्याय आधी सुचवला असता. २८ दिवसांसाठी दोन्हींचे भाव समोरासमोर मांडून पाहावेत. भाड्याची गाडी घेतलीच, तर विमा आरक्षणातच समाविष्ट असलेला घ्यावा. काउंटरवर तोच विमा दिवसाला २०-३० युरोंना गळ्यात मारला जातो. बाहेरचा स्वतंत्र विमा घेणार असाल, तर तो भारतात राहणाऱ्यांना लागू आहे की नाही, हे अटींत वाचावे. बऱ्याच योजना फक्त युरोपच्या रहिवाशांसाठी असतात.

इटलीविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. तिथल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झोना त्राफिको लिमितातो’ असा मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. रस्त्याच्या तोंडाशी लाल वर्तुळाची पाटी आणि वर कॅमेरा, बाकी काही अडथळा नाही. पाटीकडे दुर्लक्ष होऊन आत गेले की प्रत्येक प्रवेशाला साधारण ८० युरोंपासून दंड लागतो. आधी भाड्याची कंपनी आपले नाव पोलिसांना कळवल्याचे शुल्क कार्डावरून कापते आणि दंडाची नोटीस पुढे काही महिन्यांनी सांगलीच्या पत्त्यावर येते. एकाच फेरीत दोन-तीन कॅमेरे ओलांडले तर तेवढे दंड. गार्डावरून व्हेरोनाला जाताना आणि जेनोव्हात हा धोका आहे. फोनवरचा नकाशा हे भाग नेहमी टाळतोच असे नाही. मुक्काम शहराबाहेर, पार्किंग असलेल्या ठिकाणी ठेवावा आणि आत रेल्वेने किंवा बसने जावे. पार्किंगच्या रेषा निळ्या असतील तर पैसे, पांढऱ्या असतील तर बहुधा मोफत, पिवळ्या असतील तर ती जागा आपली नव्हे. स्ट्रासबुर्गमध्ये गाडी शहराच्या कडेच्या ट्राम-पार्किंगमध्ये लावावी. तिथल्या चार-पाच युरोंच्या तिकिटातच ट्रामने जाणे-येणे धरलेले असते. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या महामार्गावर आता टोलनाकेच राहिले नाहीत, ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरावे लागतात. आपल्या फेऱ्यात तो रस्ता नाही, पण बेत बदलला तर ध्यानात असू द्यावे.

राहण्यासाठी ७० युरो धरले आहेत, ते शहरांच्या वेशीवरच्या साध्या साखळी हॉटेलांचा आणि गावातल्या स्वयंपाकघर असलेल्या छोट्या खोल्यांचा मेळ घालून. आपण शाकाहारी आहात असे लिहिले आहे. तेव्हा तीन किंवा जास्त रात्रींच्या मुक्कामाला स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्यावी, त्यावर जेवणाचे २८ युरोंचे गणित अवलंबून आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि चटण्या सोबत न्याव्यात. तूप, पेढे, खवा मात्र घरीच ठेवावेत, कारण दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात आणता येत नाहीत. बाहेर जेवायचे ते दुपारी: फ्रान्समध्ये दुपारचा ठरलेल्या किमतीचा बेत रात्रीपेक्षा बराच स्वस्त असतो, आणि ‘काराफ दो’ मागितले की नळाचे पाणी विनामूल्य मिळते. इटलीत बसण्याचे दोन-तीन युरो बिलात वेगळे लावतात, म्हणून कॉफी उभ्यानेच घ्यावी. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी सामान भरले नाही तर रविवारी महामार्गावरचे महाग सँडविच नशिबी येते. खोलीच्या भाड्याखेरीज दर रात्री माणशी एक ते पाच युरोंचा पर्यटक-कर बहुतेक ठिकाणी रोख किंवा वेगळा भरावा लागतो. ७० युरोंत तोही धरावा.

हिशेब कसा ठेवावा, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय सांगावे! एकच सुचवतो: तो रोजचा न ठेवता आठवड्याचा ठेवावा. खोल्या आणि गाडी यांचे पैसे आधीच ठरलेले असतात. चालू खर्च राहतो तो जेवण, इंधन, टोल, पार्किंग आणि तिकिटांचा, आणि तो आठवड्याला ४५० युरोंच्या आसपास असावा. ज्या दिवशी टाकी भरली आणि टोलही दिला, त्या दिवशी ११० युरो जातील आणि जीव खाली-वर होईल. दुसऱ्या दिवशी दहा युरोंत भागेल. रविवारी सकाळी पावत्या पसरून बसावे. सलग दोन आठवडे ५०० पार गेले, तर पुढचा एखादा छोटा मुक्काम गाळावा. इन्सब्रुक वगळून दक्षिण टायरोलहून थेट म्युनिक गाठता येते.

करांविषयी थोडक्यात: परदेशी पाठवलेल्या किंवा विदेशी चलनाच्या प्रीपेड कार्डात भरलेल्या रकमेवरची उगम-वसुली (टीसीएस), म्हणजे व्यवहाराच्या वेळीच वसूल होणारा कर, १ एप्रिल २०२५पासून वर्षाला दहा लाखांच्या वर लागू होते, तेव्हा आपल्या बेताला तिची झळ नाही. मात्र एखाद्या कंपनीकडून संपूर्ण सहल म्हणून घेतली तर नियम वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आरटीओकडून १,००० रुपये शुल्कात मिळतो आणि वर्षभर चालतो. इटली व ऑस्ट्रियात मूळ परवान्यासोबत तो लागतोच.

शेवटी क्रम. सप्टेंबरच्या उत्तरार्धात म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो आणि त्या काळात तिथे गाडीचे भाव चढतात. म्हणून ऑगस्ट संपता संपता पोहोचावे आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी ताब्यात घ्यावी. व्हिसाचा अर्ज जर्मनीकडे नव्हे, फ्रान्सकडे करावा लागेल, कारण उतरणार म्युनिकला असलात तरी या बेतात १५ रात्री फ्रान्समध्ये आहेत आणि सर्वाधिक मुक्काम ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज, असा नियम आहे. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आधी रद्द करता येतील अशा खोल्या आरक्षित कराव्यात, मग भेटीची वेळ घ्यावी, व्हिसा हाती आल्यावर तिकीट काढावे. गाडीही विनाशुल्क रद्द होणाऱ्या अटीवर आत्ताच नोंदवून ठेवावी, आणि निघण्याच्या तीन आठवडे आधी त्याच गाडीचा भाव पुन्हा पाहावा; उतरला असेल तर जुने आरक्षण रद्द करून नवे घ्यावे, चढला असेल तर आपले जुने हातात आहेच.